विभाग सरला, व्यवस्था उरली
ऑस्ट्रेलियाच्या ब्रॉडबँड खात्याची सहा वर्षे आणि त्यांचा ताळेबंद

3 डिसेंबर 2007 रोजी केव्हिन रड यांच्या नेतृत्वाखालील मजूर पक्षाच्या सरकारने ऑस्ट्रेलियाची सूत्रे हाती घेतली आणि त्याच दिवशी झालेल्या खातेरचनेत ‘ब्रॉडबँड, संचार आणि डिजिटल अर्थव्यवस्था विभाग’ अस्तित्वात आला. त्याआधीच्या खात्याकडे दूरसंचार, माहिती तंत्रज्ञान आणि कला असा तिहेरी कारभार होता. त्यातील कला पर्यावरण खात्याकडे गेली आणि उरलेल्या कामाच्या केंद्रस्थानी वेगवान इंटरनेटची देशव्यापी उभारणी हे एकच उद्दिष्ट आले. 18 सप्टेंबर 2013 रोजी, सत्तांतरानंतरच्या नव्या खातेरचनेत, हा विभाग बरखास्त झाला. पुरी सहा वर्षेही न जगलेल्या या खात्याने मात्र अशा कामाला हात घातला होता की जे पूर्ण व्हायला एक दशक आणि ज्याचा उपयोग संपायला अनेक दशके लागावीत. सरकारचे आयुष्य तीन वर्षांच्या निवडणुकीने मोजले जाते, तर जमिनीत पुरलेल्या तारेचे आयुष्य पिढ्यांनी. या दोहोंची सांगड घालताना काय टिकते आणि काय वाहून जाते, हे समजून घेण्यासाठी या विभागाची कारकीर्द बारकाईने अभ्यासण्याजोगी आहे.

मक्तेदारीचा वारसा

ऑस्ट्रेलियाचे क्षेत्रफळ सुमारे 77 लाख चौरस किलोमीटर, म्हणजे भारताच्या दुपटीहून अधिक आहे, आणि 2007 साली तेथील लोकसंख्या मात्र 2 कोटी 10 लाखांच्या आसपास, म्हणजे महाराष्ट्राच्या जेमतेम पाचव्या हिश्श्याइतकी होती. त्यातील बहुतेक लोक किनाऱ्यालगतच्या मोजक्या महानगरांत राहतात आणि उरलेले अफाट अंतरांवर विखुरलेले आहेत. अशा देशात शेवटच्या वस्तीपर्यंत तार नेण्याचा खर्च कोणताही खासगी व्यावसायिक आपणहून उचलणार नाही, हे उघड असल्यामुळे 1901 सालच्या संघराज्य-स्थापनेपासून टपाल, तार आणि दूरध्वनी ही तिन्ही कामे पोस्टमास्टर जनरलच्या सरकारी खात्याकडे होती. 1975 साली हे खाते मोडून टपालासाठी आणि दूरध्वनीसाठी दोन स्वतंत्र महामंडळे करण्यात आली. दूरध्वनीचे महामंडळ पुढे ‘टेलस्ट्रा’ या नावाने ओळखले जाऊ लागले आणि 1997, 1999 व 2006 अशा तीन टप्प्यांत त्याचे खासगीकरण झाले.

पुढच्या सगळ्या तंट्याचे मूळ या खासगीकरणाच्या पद्धतीत आहे. घरोघरी गेलेल्या तांब्याच्या तारांचे जाळे आणि त्या तारांवरून ग्राहकांना सेवा विकण्याचा धंदा, या दोन्ही गोष्टी एकत्रच विकल्या गेल्या. परिणामी प्रतिस्पर्धी कंपन्यांना ग्राहकाच्या घरापर्यंत पोहोचायचे तर आपल्या सर्वांत मोठ्या स्पर्धकाकडूनच तार भाड्याने घ्यावी लागे, आणि त्या स्पर्धकाला ती स्वस्तात, वेळेवर व चांगल्या स्थितीत देण्यात काडीचाही स्वार्थ नव्हता. स्पर्धा आणि ग्राहक आयोगाने दर ठरवून द्यावेत, कंपनीने त्यांना आव्हान द्यावे, आणि या ओढाताणीत नव्या जाळ्यातील गुंतवणूक रखडावी, असा क्रम वर्षानुवर्षे चालू राहिला. नव्या विभागाचे मंत्री स्टीफन कॉनरॉय यांच्यासमोरची खरी अडचण म्हणूनच तंत्रज्ञानाची कमी आणि मालकीच्या रचनेची अधिक होती.

फसलेली निविदा आणि अकरा आठवडे

2007 च्या निवडणुकीत मजूर पक्षाने दिलेले आश्वासन तुलनेने माफक होते. सरकारने 4.7 अब्ज ऑस्ट्रेलियन डॉलरपर्यंत रक्कम घालावी, खासगी भागीदाराने उरलेला खर्च करावा आणि 98 टक्के घरांना किमान 12 एमबीपीएस वेगाची, म्हणजे दर सेकंदाला 1 कोटी 20 लाख बिट वाहून नेणारी जोडणी मिळावी, असा तो बेत होता. त्यासाठी निवडलेल्या पद्धतीत ऑप्टिकल फायबर, म्हणजे प्रकाशाच्या साह्याने माहिती वाहून नेणारा काचेचा तंतू, रस्त्याकडेच्या पेटीपर्यंत आणायचा आणि तिथून घरापर्यंत जुनीच तांब्याची तार वापरायची होती. एप्रिल 2008 मध्ये विभागाने प्रस्ताव मागवले आणि नोव्हेंबरअखेर सहा प्रस्ताव आले.

टेलस्ट्राने त्यात डझनभर पानांचे निवेदन तेवढे दिले, आणि निविदेत सक्तीचा असलेला, लहान व मध्यम उद्योगांना कामात वाटा देण्याचा आराखडा जोडला नाही. त्या कारणावरून 15 डिसेंबर 2008 रोजी तिला स्पर्धेतून बाद करण्यात आले. नियमाला धरून असलेल्या या निर्णयाने निविदाच कात्रीत सापडली, कारण पेटीपासून घरापर्यंतची प्रत्येक तार टेलस्ट्राच्या मालकीची होती आणि तिच्या संमतीवाचून, किंवा तिला भरपाई दिल्यावाचून, उरलेल्यांपैकी कोणालाही काम पुरे करणे शक्य नव्हते. प्रस्ताव तपासणाऱ्या तज्ज्ञ समितीने 21 जानेवारी 2009 रोजी दिलेल्या अहवालात, आलेल्या एकाही राष्ट्रीय प्रस्तावातून पैशाचा पुरेसा मोबदला मिळत नाही, असा निष्कर्ष काढला.

त्यानंतरच्या अकरा आठवड्यांत जे घडले ते ऑस्ट्रेलियाच्या प्रशासकीय इतिहासात आजही वादाचा विषय आहे. जागतिक आर्थिक मंदीने खासगी भांडवल आटले होते, सरकार सार्वजनिक कामांवर सढळ हाताने खर्च करण्याच्या विचारात होते, आणि 7 एप्रिल 2009 रोजी रड व कॉनरॉय यांनी निविदा रद्द करून तिच्यातील सरकारी रकमेच्या नऊपट खर्चाची योजना जाहीर केली. सरकार स्वतःच कंपनी काढील, 90 टक्के घरांना, शाळांना आणि कामाच्या ठिकाणांना थेट दारापर्यंत फायबर देऊन 100 एमबीपीएस वेग पुरवील, उरलेल्यांना बिनतारी यंत्रणेने व उपग्रहाने जोडील, आणि आठ वर्षांत 43 अब्ज डॉलरपर्यंतच्या खर्चात हे सारे पार पाडील, अशी ती घोषणा होती. ‘एनबीएन को’ ही कंपनी दोन दिवसांत नोंदवलीही गेली. मात्र एवढ्या मोठ्या योजनेचे खर्च-लाभ विश्लेषण, म्हणजे समाजाला होणारा एकूण फायदा आणि येणारा एकूण खर्च यांचा पर्यायांसह मांडलेला हिशेब, सरकारने करून घेतला नाही. मॅकिन्झी आणि केपीएमजी या सल्लागार कंपन्यांचा पाचशेहून अधिक पानांचा अंमलबजावणी-अहवाल मे 2010 मध्ये आला खरा, परंतु ‘हे करावे का’ यापेक्षा ‘हे कसे करावे’ याचेच उत्तर त्याने दिले. पुढे 2014 साली बिल स्केल्स यांनी केलेल्या स्वतंत्र चौकशीने त्या अकरा आठवड्यांतील घाईवर नेमके बोट ठेवले.

तांबे आणि काच

या वादातील तांत्रिक मुद्दा समजायला अवघड नाही, आणि तो समजल्यावाचून पुढच्या धरसोडीची किंमत कळत नाही. दूरध्वनीची तार म्हणजे एकमेकींभोवती पीळ घातलेल्या दोन बारीक तांब्याच्या तारा. मानवी आवाजाला पुरेशी असलेली ही जोडी जलद इंटरनेटसाठी वापरायची तर तिच्यातून फार उच्च कंपनसंख्येचे विद्युत्संकेत पाठवावे लागतात, आणि असे संकेत अंतराबरोबर झपाट्याने क्षीण होतात. पेटीपासून तीनचारशे मीटरच्या आतील घराला उत्तम वेग मिळतो. तीच तार किलोमीटरभर लांब झाली की वेग कितीतरी पटींनी घसरतो. शिवाय एका वेष्टनात शेजारीशेजारी असलेल्या जोड्यांचे संकेत एकमेकांत मिसळतात, रस्त्याकडेच्या खड्ड्यांत पावसाचे पाणी साचून सांधे गंजतात, आणि प्रत्येक पेटीला स्वतंत्र वीजपुरवठा द्यावा लागतो.

काचेच्या तंतूतून प्रकाश जातो, आणि शहरी अंतरांत तो फारसा क्षीण होत नाही. ऑस्ट्रेलियाने निवडलेल्या पद्धतीत केंद्रापासून निघालेला एक तंतू वाटेत वीज न लागणाऱ्या विभाजकाने फोडून 32 जागांपर्यंत वाटता येतो आणि त्या सर्वांमध्ये मिळून सेकंदाला सुमारे 2.5 अब्ज बिटांची क्षमता असते. याहून महत्त्वाचे असे की दहा-पंधरा वर्षांनी अधिक क्षमता लागली तर दोन टोकांची यंत्रे बदलली की भागते. जमिनीतील तंतू उकरावा लागत नाही. खोदकाम आणि मजुरी हाच अशा जाळ्याच्या खर्चाचा मोठा भाग असल्यामुळे रस्ता एकदाच खोदावा, हे फायबरवाल्यांचे म्हणणे होते; उलट लोकांना आज लागतो तेवढा वेग तांब्यावर लवकर आणि स्वस्तात देता येत असेल तर उद्याच्या गरजेसाठी आज कर्ज का काढावे, हा विरोधकांचा प्रश्न होता. दोन्ही बाजू विचारार्ह होत्या, आणि नेमके म्हणूनच आकडेमोड उघडपणे मांडून या प्रश्नाचा निकाल आधीच लावायला हवा होता.

न दिसणारे बांधकाम

लोकांच्या नजरेसमोर तारांचा वाद होता. विभागाचे सर्वांत टिकाऊ काम मात्र कायद्याच्या मसुद्यांत आणि करारांच्या कलमांत झाले. नोव्हेंबर 2010 मध्ये संसदेने संमत केलेल्या दुरुस्ती कायद्याने टेलस्ट्राचे जाळे आणि तिचा किरकोळ विक्रीचा धंदा वेगळा करण्याची वाट मोकळी झाली. 2011 च्या कायद्याने एनबीएन कंपनी फक्त घाऊक व्यवहार करील, म्हणजे ग्राहकाला थेट सेवा न विकता सर्व किरकोळ कंपन्यांना समान अटींवर जाळे वापरू देईल, असे बंधन घातले. जून 2011 मध्ये टेलस्ट्राशी तेव्हाच्या मूल्याने सुमारे 11 अब्ज डॉलरचा करार झाला. त्यानुसार तिचे भूमिगत मार्ग, खड्डे आणि केंद्रांतील जागा नव्या कंपनीला वापरायला मिळाल्या, आणि एखाद्या भागात नवे जाळे तयार झाले की अठरा महिन्यांत तेथील तांब्याची जोडणी बंद करून ग्राहक नव्या जाळ्यावर न्यायचे ठरले. शंभर वर्षांची मक्तेदारी अशा रीतीने जप्ती न करता, भागधारकांच्या मतदानाने मान्य झालेल्या व्यवहारातून मोडली गेली.

यातच एकसमान घाऊक दराचे तत्त्व होते. ऑगस्ट 2010 च्या निवडणुकीत 150 जागांच्या प्रतिनिधिगृहात दोन्ही मोठ्या बाजूंना प्रत्येकी 72 जागा मिळाल्या आणि त्रिशंकू संसद अस्तित्वात आली. न्यू साउथ वेल्सच्या ग्रामीण मतदारसंघांतून आलेले टोनी विंडसर आणि रॉब ओकशॉट हे दोन अपक्ष निर्णायक ठरले, आणि मजूर पक्षाला त्यांनी दिलेल्या पाठिंब्यात ब्रॉडबँडचा वाटा मोठा होता. सिडनीच्या मध्यवस्तीत आणि दूरच्या गावात एकाच सेवेचा घाऊक दर एकच राहावा, याचा अर्थ दाट वस्तीच्या भागातून मिळणारे उत्पन्न विरळ वस्तीच्या खर्चाला हातभार लावील, असा होतो. अर्थशास्त्रात याला अंतर्गत अनुदान म्हणतात, आणि त्यावर आक्षेप घेणारे अर्थतज्ज्ञ कमी नाहीत; परंतु पत्र कोठेही पाठवले तरी टपाल तिकीट एकच, या जुन्या सार्वजनिक करारालाच नव्या युगात दिलेला हा होकार होता.

प्रत्यक्ष बांधकाम मात्र घोषणेच्या गतीने पुढे सरकले नाही. टास्मानियातील मिडवे पॉइंट, स्मिथटन आणि स्कॉट्सडेल या छोट्या गावांत 2010 च्या मध्यास पहिल्या जोडण्या सुरू झाल्या. मुख्य भूमीवरील पहिल्या स्थळाचे आर्मिडेल येथे मे 2011 मध्ये उद्घाटन झाले. त्यानंतर कंत्राटदारांची कुचंबणा, मजुरांची टंचाई आणि करारांना लागलेला विलंब यांमुळे उद्दिष्टे वारंवार खाली आणावी लागली. मे 2013 मध्ये टेलस्ट्राच्या जुन्या खड्ड्यांच्या दुरुस्तीत ॲसबेस्टॉसचे तंतू उघडे पडल्याचे आढळले आणि ते काम देशभर थांबवावे लागले. सिमेंटमध्ये मिसळलेले हे खनिज श्वासावाटे फुप्फुसांत गेल्यास कर्करोगाला कारण होते; ते खड्डे कोणत्या काळात, कशाचे बांधले होते हे माहीत असतानाही कामगारांचे आणि शेजारपाजारच्या कुटुंबांचे संरक्षण कोण पाहणार, हे कंत्राटांच्या उतरंडीत अस्पष्ट राहिले होते. जनतेच्या आरोग्याशी निगडित अशी जबाबदारी कंत्राटदार, उपकंत्राटदार आणि त्यांचेही उपकंत्राटदार यांच्यात विरघळून जाऊ देणे हा या उभारणीतील सर्वांत गंभीर दोष होता.

दूरचित्रवाणीचे स्थलांतर

ब्रॉडबँडच्या गदारोळात या विभागाचे दुसरे मोठे काम झाकोळून गेले. जुन्या ॲनालॉग दूरचित्रवाणीचे प्रक्षेपण बंद करून संपूर्ण देशाला डिजिटल प्रक्षेपणावर न्यायचे होते. एका ॲनालॉग वाहिनीला लागणाऱ्या रेडिओलहरींच्या पट्ट्यात अनेक डिजिटल वाहिन्या बसतात, म्हणून या बदलाने मौल्यवान पट्टा मोकळा होतो. पण चुकीच्या दिवशी चुकीच्या घरातला पडदा काळा झाला तर मंत्र्याला तोंड दाखवायला जागा राहत नाही. विभागाने हे काम प्रदेशवार, आधी ग्रामीण भाग आणि शेवटी महानगरे, असे टप्प्याटप्प्याने केले. 30 जून 2010 रोजी व्हिक्टोरिया राज्याच्या वायव्य टोकावरील मिल्ड्युरा भागात पहिले ॲनालॉग प्रक्षेपण थांबले.

या कामातील मायेची बाजू गृहसाहाय्य योजनेत दिसते. पूर्ण दराने निवृत्तिवेतन घेणारे वृद्ध, दिव्यांग आणि त्यांची शुश्रूषा करणारे नातलग यांच्या घरी तंत्रज्ञ जाऊन सेट-टॉप बॉक्स, म्हणजे जुन्या संचाला डिजिटल संकेत समजावून देणारी पेटी, विनामूल्य बसवून देत आणि ती कशी चालवायची ते तिथेच दाखवून देत. पेटी टपालाने धाडून खात्याला मोकळे होता आले असते. पण एकट्या राहणाऱ्या वृद्धेला दोन रिमोटांचा मेळ घालता आला नाही तर ती पेटी निरुपयोगी आहे, हे ओळखून योजना आखली गेली. जिथे डोंगरांमुळे किंवा अंतरामुळे मनोऱ्याचे संकेत पोहोचत नव्हते तिथे उपग्रहाद्वारे वाहिन्या पुरवण्याची स्वतंत्र सोय उभारली गेली. मोकळ्या होणाऱ्या 126 मेगाहर्ट्‌झ पट्ट्यातील बहुतांश भागाचा, आणि त्यासोबत आणखी एका पट्ट्याचा, मोबाइल सेवेसाठी 2013 च्या एप्रिल-मे महिन्यांत लिलाव होऊन सरकारला सुमारे 1.96 अब्ज डॉलर मिळाले, जरी त्यातील काही भाग तेव्हा विकला गेला नाही. शेवटचे ॲनालॉग प्रक्षेपण मेलबर्नमध्ये 10 डिसेंबर 2013 रोजी बंद झाले. तोवर विभागाला बरखास्त होऊन जवळजवळ तीन महिने झाले होते, आणि काम तरीही ठरल्या तारखेला तडीस गेले.

याच खात्याचा दोन ठिकाणी जनमताचा अंदाज चुकला. इंटरनेट सेवा देणाऱ्या प्रत्येक कंपनीने सरकारी यादीतील संकेतस्थळे सक्तीने रोखावीत, हा प्रस्ताव बालकांच्या संरक्षणाच्या हेतूने पुढे आला. पण यादी गुप्त, तिच्यावर देखरेख अपुरी आणि उद्या त्यात काय घातले जाईल याची खात्री नाही, या आक्षेपांपुढे तो नोव्हेंबर 2012 मध्ये मागे घ्यावा लागला. मार्च 2013 मध्ये माध्यम-नियमनाची विधेयके मांडून आठवडाभरात ती संमत करण्याची मुदत घातली गेली, आणि सहापैकी चार विधेयके गुंडाळावी लागली. एप्रिल 2009 ची घाई येथेही तशीच दिसते: हेतू समर्थनीय, पण समोरच्याला पटवून देण्यासाठी लागणारा वेळ देण्याची तयारी नाही.

उलटा फेरा

7 सप्टेंबर 2013 च्या निवडणुकीत टोनी ॲबट यांची आघाडी विजयी झाली आणि माल्कम टर्नबुल नव्या संचार खात्याचे मंत्री झाले. दारापर्यंतच्या फायबरऐवजी पेटीपर्यंत फायबर, पुढे तांबे किंवा जुनी केबल टीव्हीची तार, असे मिश्र जाळे 29.5 अब्ज डॉलरच्या निधीत उभारण्याचे त्यांचे निवडणूकपूर्व आश्वासन होते. डिसेंबर 2013 च्या फेरआढाव्यात हा आकडा 41 अब्जांवर गेला, आणि 2018 च्या आराखड्यात तो 51 अब्जांपर्यंत पोहोचला. आधीच्या संपूर्ण फायबर योजनेचा खर्चही मूळ अंदाजात राहिला नसता, असे याच आढाव्याने सांगितले. मायकेल व्हर्टिगन यांच्या समितीने 2014 साली केलेल्या खर्च-लाभ विश्लेषणाचा कौलही मिश्र जाळ्याच्या बाजूने होता. तो कौल आज वाचताना लक्षात येते की भविष्यातील वेगाच्या मागणीचा अंदाज जितका कमी धरावा तितके तांबे फायद्याचे ठरते.

डिसेंबर 2020 मध्ये मूळ उभारणी पूर्ण झाल्याचे जाहीर झाले. पण त्याआधी तीनच महिने, सप्टेंबर 2020 मध्ये, त्याच आघाडीच्या सरकारच्या काळात पेटीपर्यंत थांबलेले फायबर मागणीनुसार घरापर्यंत नेण्याची अब्जावधी डॉलरची योजना पुढे आली होती. 2022 साली सत्तेवर आलेल्या मजूर सरकारने त्यात 2.4 अब्जांची भर घालून आणखी 15 लाख जागा फायबरखाली आणायचे ठरवले, आणि जानेवारी 2025 मध्ये उरलेल्या तांब्याच्या जागी फायबर घालण्यासाठी 3 अब्ज डॉलरची घोषणा केली. ही घोषणा ज्यांच्या सरकारने केली ते पंतप्रधान अँथनी अल्बनीज 2013 च्या जुलैपासून बरखास्तीपर्यंत याच विभागाचे शेवटचे मंत्री होते. म्हणजे रस्त्याकडेच्या पेट्या आधी विकत घेतल्या, उभारल्या, वीज जोडून चालवल्या आणि नंतर त्यांना वळसा घालून पुन्हा खोदकाम केले. या दुहेरी खर्चाचा भार अखेर नागरिकांनीच उचलला.

काय टिकते

या सगळ्यातून विभागाचा हिशेब मांडायचा तर काय मोडले गेले आणि काय मोडता आले नाही, यांची विभागणी करावी लागते. दारापर्यंतच्या फायबरचा निर्णय मंत्रिमंडळाचा होता. तो दुसऱ्या मंत्रिमंडळाने काही महिन्यांत फिरवला. उलट जाळ्याची मालकी आणि सेवेची विक्री वेगळी ठेवण्याचे तत्त्व संसदेच्या कायद्यात आणि टेलस्ट्राबरोबरच्या करारात बांधलेले होते, म्हणून नव्या सरकारने करारातील तपशील बदलले तरी पाया हलवला नाही. एकसमान घाऊक दर ग्रामीण मतदारांच्या पदरात पडलेला लाभ होता, आणि नव्या आघाडीतील नॅशनल पक्षाचा आधारच ग्रामीण असल्यामुळे तो व्यवहारात टिकला. 2012 साली 620 दशलक्ष डॉलरला मागवलेल्या दोन उपग्रहांवर तेव्हाच्या विरोधी पक्षाने उधळपट्टीची टीका केली होती. तेच उपग्रह 2015 आणि 2016 साली, त्याच पक्षाच्या राजवटीत, अवकाशात गेले आणि दूरच्या पशुपालकांच्या वस्त्यांना व बेटांना सेवा देऊ लागले.

यावरून निघणारा निष्कर्ष दीर्घकाळ चालणाऱ्या कोणत्याही सार्वजनिक कामाला लागू पडतो. एखादा निर्णय तांत्रिकदृष्ट्या बरोबर असणे पुरेसे नसते. तो का बरोबर आहे याचा हिशेब विरोधकालाही तपासता येईल अशा रीतीने मांडावा लागतो, नाहीतर सत्तांतरानंतर तो एका पक्षाची हौस म्हणून बाजूला सारला जातो. फायबरची बाजू भक्कम होती, हे पुढच्या घटनांनी दाखवले. पण 2009 साली ती सिद्ध करण्याची संधी सरकारने स्वतःहून सोडली आणि त्यामुळे देशाला एकाच रस्त्यावर दोनदा काम करावे लागले. कॉनरॉय आणि त्यांच्या अधिकाऱ्यांनी संसदीय मसुदे, भागधारकांची संमती आणि ग्रामीण प्रतिनिधींशी वाटाघाटी यांवर जितके कष्ट घेतले तितकेच कष्ट त्या अकरा आठवड्यांत जाहीर हिशेबावर घेतले असते, तर तारेचा निर्णयही कायद्याइतकाच टिकण्याची शक्यता मोठी होती. प्रशासकाने या खात्याकडून शिकावे ते हेच: घोषणेला मंत्र्याची सही पुरते, पण उभारणीला संसदेचा कायदा, दोन्ही बाजूंना बांधणारा करार आणि विरोधकाच्या मतदारालाही सोडवणार नाही असा लाभ, या तिन्हींचा आधार लागतो.